उतरताना सगळ्यांत पुढे

शिखरावर कुणीही पोचतं, असं तपासनीसांचं ठाम मत आहे. पाय असले आणि डोकं नसलं की पुरे. खाली उतरायला मात्र माणूस लागतो. हे मत ते कारखान्याच्या उपाहारगृहात सांगतात, न्हाव्याच्या खुर्चीत बसून सांगतात, आणि दंतवैद्याकडे तोंड अडकलेलं असतं म्हणून चूळ भरायच्या वेळी सांगतात. ऐकणाऱ्याला वाटावं, या गृहस्थांनी जन्मभर डोंगर उतरण्यापलीकडे दुसरं काही केलंच नाही. वस्तुस्थिती अशी आहे, की तपासनीस आयुष्यात एकच डोंगर उतरले आहेत, आणि तोही पुरता चढलेले नव्हते.

त्याआधी डोंगरांविषयी त्यांचं मत निराळं होतं. डोंगर लांबून बघावा, शक्यतो बसून, असं ते मत होतं. ते बदललं एका खुर्चीपायी.

तपासनीस वजनकाट्यांच्या कारखान्यात आहेत. तयार झालेला प्रत्येक काटा त्यांच्या टेबलावर येतो. ते त्यावर वजनं ठेवतात, काटा स्थिर व्हायची वाट पाहतात आणि मान हलवतात. उभी हलवली की माल बाहेर, आडवी हलवली की माल परत. ही मान हलवता हलवता त्यांचे केस पिकले. मग उपव्यवस्थापक निवृत्त झाले, त्यांची खुर्ची रिकामी पडली, आणि तपासनीसांना वाटलं, आता नंबर आपला.

तसंच दुसऱ्या एकालाही वाटलं. हा दुसरा एक म्हणजे विक्री विभागातला धाकटा अधिकारी, आणि अडचण अशी, की तो तपासनीसांच्या बायकोचा सख्खा भाऊ. त्याला या कारखान्यात चिकटवला होता तोही तपासनीसांनीच. धोंडा आपल्याच पायावर मारून घ्यायचा तर निदान वजन करून घ्यायला हवा होता, असं ते आता स्वतःशी म्हणत. मेहुणा बोलायला लागला की समोरच्याला उसंत मिळत नसे. एकदा म्हणे त्याने काटा परत करायला आलेल्या माणसाला आणखी दोन काटे देऊन पाठवलं होतं.

अशात मोठे साहेब कुठल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आले. तिथल्या व्याख्यात्याने त्यांना सांगितलं, की डोक्यावर छत असेपर्यंत माणसाचं नेतृत्व दिसत नाही. साहेबांनी परत येऊन आधी छताकडे पाहिलं आणि मग दोघा उमेदवारांना बोलावून सांगितलं, "आपण बर्फाच्या डोंगरावर जाऊ. मी स्वतः येतो. तिथं काय ते ठरेल."

घरी ही बातमी तपासनीसांनी शक्य तितक्या सहजपणे सांगितली.

"डोंगरावर?" बायको म्हणाली. "अहो, गच्चीवर कपडे वाळत घालायला पाठवलं तर भिंतीला धरून चालता तुम्ही."

"गच्चीची गोष्ट वेगळी. गच्चीवर बढती नसते."

"माझा भाऊही आहे ना बरोबर?"

"असू दे. डोंगर नातीगोती बघत नाही."

"डोंगर नसेल बघत, मी बघते. दोघंही धड या. खुर्ची कुणालाही मिळो, घरातच राहील."

हे शेवटचं वाक्य तपासनीसांना फार लागलं. बायको आपल्या बाजूने आहे असं त्यांनी लग्नापासून गृहीत धरलं होतं, आणि आता ती तराजूच्या दांडीसारखी मधोमध उभी राहिली होती. आपण काय आहोत हे हिला दाखवून द्यायचंच, असं त्यांनी त्या क्षणी ठरवलं. खुर्ची मिळाली नाही तर रोज मेहुण्याला 'साहेब' म्हणावं लागेल, आणि सुट्टीच्या दिवशी तोच मेहुणा घरी येऊन आपल्या शेजारी जेवायला बसेल, हे चित्र डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

निघताना बायकोने स्वतः विणलेली कानटोपी दिली. सासूबाईंनीही एक पाठवली होती. आता पाहा, बायकोची ठेवून सासूबाईंची घालावी, तर घरी परतायची सोय नाही. सासूबाईंची ठेवून बायकोची घालावी, तर मेहुणा साक्षीला हजर. तपासनीसांनी एकावर एक दोन्ही घातल्या. त्यांना ऊब भरपूर मिळाली आणि ऐकू येणं बंद झालं.

डोंगराच्या पोटाशी एक दगडी विश्रामघर होतं. तिथं त्यांना वाटाड्याबाई भेटल्या. चणीने लहान, वयाने मध्यम, बोलायला कंजूष. पूर्वी त्या याच वाटेने खेचरांवरून सामान आणत असत. विश्रामघरापर्यंत तारेवरून लटकत येणारी दोरगाडी झाली, खेचरं गेली, तेव्हापासून त्या माणसं वर नेऊ-आणू लागल्या. त्यांनी तिघांना पायापासून डोक्यापर्यंत असं न्याहाळलं, की ओझं कुठून बांधलं तर कमी हलेल याचाच अंदाज घेत असाव्यात.

भल्या पहाटे त्यांनी सगळ्यांना एका दोरात ओवलं. पुढे स्वतः, मग मेहुणा, मग साहेब, शेवटी तपासनीस.

"मी शेवटी?" तपासनीसांनी दोन्ही टोप्या वर करून विचारलं.

"शेवटचा माणूस महत्त्वाचा असतो," बाई म्हणाल्या.

"असं? तो का?"

"तो पडला तर सगळ्यांना लगेच समजतं."

मेहुण्याने आणखी एक गोष्ट करून ठेवली होती. कारखान्याचा एक नवाकोरा काटा शिखरावर नेऊन त्याचा फोटो काढायचा, ही जाहिरातीची कल्पना त्याची. साहेबांना ती पसंत पडली. काटा वाहायचं काम मात्र कल्पनेत कुठंच नव्हतं, ते शेवटच्या माणसाकडे आलं.

"भावोजी, जपून हं," मेहुणा म्हणाला. "तुम्ही तपासलेला आहे तो. वर जाऊन चुकला तर नाव तुमचं जाईल."

चढण सुरू झाली. बुटांना खिळ्यांची चौकट, हातात बर्फाची कुऱ्हाड, पाठीवर काटा आणि डोळ्यांसमोर साहेबांची पाठ. साहेबांच्या मागे असणं तपासनीसांना नवीन नव्हतं. पण इतका वेळ, इतक्या जवळून आणि वर दोराने बांधून, असा प्रसंग आला नव्हता. साहेब थांबले की ते थांबत. साहेबांनी धाप टाकली की ते आधीपासून टाकत असलेली धाप अधिकृतपणे टाकत. पुढून मेहुण्याचा आवाज अखंड येत होता, तो बाईंना काट्यांचे प्रकार समजावून सांगत होता. बाई एकदाच मागे वळून म्हणाल्या, "श्वास पायांसाठी ठेवा." त्यावर मेहुण्याने त्यांना श्वासाबद्दल माहिती दिली.

परत फिरावं असा विचार तपासनीसांच्या मनात पहिल्या चढावरच आला होता. दुसऱ्या चढावर तो पक्का झाला. नंतर त्यांच्या मनात दुसरा कुठला विचारच येईना. पण बोलणार कसं? बोलावं तर खुर्ची गेली. न बोलावं तर आपणच जातो की काय अशी परिस्थिती. अशा वेळी माणूस देवाकडे पाहतो. तपासनीसांनी आकाशाकडे पाहिलं, तर तिथं उत्तर तयार होत होतं.

आधी कड्यावरून धुराच्या रेघेसारखा एक ढग सरकला. मग वारा सुटला. वारा असा, की गालावर कुणी हिशेब चुकते करत आहे असं वाटावं. मग बर्फ पडू लागला, आणि तोसुद्धा वरून खाली पडायची रीत सोडून आडवा. शिखर गेलं. कडा गेला. वाटाड्याबाई गेल्या. मेहुणा गेला, पण त्याचा आवाज अजून येत होता. शेवटी शिल्लक राहिले फक्त साहेब, तेही कमरेच्या वर.

दोर ढिला पडला आणि सगळे एकमेकांजवळ गोळा झाले.

"फिरायचं," बाई म्हणाल्या.

"फिरायचं? अहो, शिखर हे काय, इथंच तर आहे," मेहुणा म्हणाला.

"कुठं?"

मेहुण्याने हात केला. तिकडे सगळं पांढरं होतं. त्याने जरा विचार करून दुसरीकडे हात केला. तिकडेही पांढरंच होतं.

"आत्ता दिसत होतं," तो म्हणाला. "साहेब, इतकं आलो ते परत फिरण्यासाठी? फोटो राहिला. लोक काय म्हणतील?"

साहेबांच्या भुवयांवर बर्फ साचला होता आणि त्या एकदा मेहुण्याकडे, एकदा बाईंकडे वळत होत्या. शेवटी त्यांनी तपासनीसांकडे पाहून काहीतरी विचारलं. तपासनीसांना शब्द ऐकू आला नाही, पण साहेबांच्या भुवया वर गेल्या म्हणजे मत मागितलं आहे, हे ते नोकरीत शिकले होते. सकाळपासून ओठांवर आलेलं वाक्य त्यांनी छाती पुढे काढून सोडून दिलं.

"परत फिरावं, असं माझं स्पष्ट मत आहे."

तोवर बाईंनी होकायंत्र काढून दोर गुंडाळायला घेतला होता, मेहुण्याला बखोट धरून फिरवलंही होतं. पण तपासनीसांनी पाहिलं ते एवढंच, की आपण बोललो आणि तीन माणसं मागे वळली. निर्णय कुणाचा, याबद्दल त्यांच्या मनात त्या दिवसापासून आजवर तसूभर शंका नाही.

आता दोरात ओवलेली माणसं जागच्या जागी मागे वळली, तर काय होतं पाहा. शेवटचा पहिला होतो.

"असंच राहू द्या," बाई म्हणाल्या. "उतरताना मी मागेच हवी. कुणी घसरलं तर धरून ठेवता येतं. आणि पांढऱ्यात पुढच्याला दिशा समजत नाही. सरळ चाललोय असं वाटतं आणि गोल फिरतो. दिशा मागून बघायची. मी यंत्रात बघून सांगेन, हे तुम्हाला सांगतील," त्यांनी मेहुण्याकडे बोट केलं, मग साहेबांकडे, "आणि तुम्ही पुढच्यांचा दोर ओढायचा. डावीकडे न्यायचं असेल तर डावीकडून, उजवीकडे तर उजवीकडून. हलकेच. खेचराला वळवतात तसं."

बाई बोलत असताना सगळे गंभीरपणे तपासनीसांकडे पाहत होते. दोन टोप्यांच्या आत शिट्टी वाजवणाऱ्या वाऱ्याखेरीज काही पोचत नव्हतं. पण इतकी माणसं इतक्या आशेने आपल्याकडे पाहत आहेत, त्याचा अर्थ एकच असू शकतो, असं तपासनीसांना वाटलं. 'आम्हाला यातून बाहेर काढा' हाच तो अर्थ. त्यांनी मान उभी हलवली.

"त्यांना समजलं ना?" बाईंनी साहेबांना विचारलं.

"मान हलवली ना त्यांनी," साहेब म्हणाले. "आमच्याकडे त्यांची मान हलली की माल बाहेर जातो."

तपासनीसांनी पहिलं पाऊल टाकलं, आणि काहीतरी चुकतं आहे असं त्यांना वाटलं. समोर कुणाची पाठ नव्हती. शाळेत उंचीनुसार उभं करत तेव्हापासून, तिकिटाच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत, पगाराच्या खिडकीशी, जिथं जावं तिथं त्यांच्यापुढे एक पाठ असायचीच. आता पुढे नुसता पांढरा प्रकाश होता आणि त्यात पहिलं पाऊल त्यांचं. त्यांचे गुडघे दुखायचे थांबले. काट्याचं ओझं हलकं झालं. त्यांनी मान ताठ केली आणि ते अशा ऐटीने निघाले, की मागच्यांना धावावं लागलं.

थोडं गेल्यावर कमरेला डावीकडून ओढ बसली.

'घाबरले,' तपासनीसांनी ओळखलं. 'साहेब घाबरले. खुर्चीत शूर असणं निराळं. घाबरलेला माणूस दोर ओढायचाच.' त्यांना साहेबांची कणव आली. त्या बाजूला जरा सरकलं तर बिचाऱ्यांना धीर येईल, म्हणून ते डावीकडे सरकले. ओढ थांबली. पाहा, आला धीर.

पुढे उजवीकडून ओढ आली. तपासनीस मनात "आहे मी, आहे" असं म्हणत उजवीकडे सरकले. असं किती वेळा झालं याची गणती नाही. दर वेळी साहेबांचं मन राखायला ते वळले आणि दर वेळी पायाखाली चांगला घट्ट बर्फ लागला. मनुष्य मनाने मोठा असला की वाट आपोआप सापडते, असं एक तत्त्व त्यांनी वाटेतच तयार केलं.

मागे काय चाललं होतं ते मेहुण्याने पुढे घरात सांगितलं, म्हणून आपल्याला माहीत. सुरुवातीला साहेब भीत भीत ओढत होते. हळूहळू त्यांचा हात बसला. मग एकदा, बाईंची काही सूचना नसताना, त्यांनी दोर उगाच डावीकडून चिमूटभर ओढून पाहिला. तपासनीस डावीकडे वळले. साहेबांनी तो पुन्हा उजवीकडून ओढून त्यांना जागेवर आणलं. "काय वळतो हो," साहेब मागे वळून पुटपुटले, आणि त्या तसल्या वाऱ्यात त्यांच्या गारठलेल्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, की ते मेहुण्याने त्याआधी फक्त नफ्याच्या वर्षी पाहिलं होतं.

मेहुण्याला हे पाहवेना. खुर्ची आपल्या डोळ्यांदेखत उतारावरून घसरत चालली आहे, हे त्याच्या लक्षात आलं. एका सपाट जागी सगळे दम खायला थांबले तेव्हा तो म्हणाला, "साहेब, भावोजींचं वय झालं. मला द्या पुढे. झपाट्याने नेतो."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, समोरच्या उताराकडे पाहिलं, आणि खांदे उडवले. "इथं उतार कमी आहे. जा."

मेहुणा पुढे झाला. तपासनीस त्याच्या जागी, साहेबांच्या मागे आले आणि पुन्हा ती पाठ समोर आली. त्यांचे गुडघे दुखू लागले.

साहेबांनी डावीकडून दोर ओढला. मेहुणा थांबला आणि मागे वळला.

"काय साहेब?"

"डावीकडे."

"का?"

"बाई म्हणताहेत."

"पण उजवीकडे बरं वाटतंय."

"अहो, डावीकडे."

"नाही, जातो ना. फक्त विचारलं. कारण माहीत असलं की माणूस मनापासून जातो."

तो दहा पावलं मनापासून गेला. पुन्हा ओढ. पुन्हा, "आता काय?" त्यानंतरच्या ओढीला त्याने मागे न वळताच हात हलवला, म्हणजे 'समजलं, समजलं', आणि त्याला बरं वाटत होतं तिकडे गेला. तिथं वरून बर्फ होता आणि खालून काही नव्हतं. मेहुणा बोलता बोलता छातीपर्यंत आत गेला. त्याचं वाक्य मात्र त्याने पूर्ण केलं.

बाईंनी दोर आवळून बर्फात टाच रोवली, साहेब मागच्या मागे बसले, तपासनीस साहेबांवर बसले, आणि सगळ्यांनी मिळून मेहुण्याला बाटलीच्या बुचासारखा उपटून काढला. तो थोडा वेळ बर्फावर पालथा पडून राहिला. मग त्याने मान वर केली. त्याचा चेहरा पांढराफटक होता आणि पहिल्यांदाच त्यावर कसलीच योजना नव्हती.

"भावोजी," तो अगदी हळू म्हणाला, "तुम्हीच व्हा पुढे."

हे मात्र दोन टोप्यांतून ऐकू आलं. तपासनीसांनी मेहुण्याच्या खांद्यावरचा बर्फ झटकला. "होतं असं," ते म्हणाले. "सवय लागते." आणि ते सगळ्यांच्या पुढे जाऊन उभे राहिले.

उरलेल्या उतरणीत त्यांनी पथकाची शिस्त वाढवली. दर थोड्या वेळाने ते एक हात वर करून थांबत, पांढऱ्या शून्यात डोळे बारीक करून पाहत, आणि पुन्हा निघत. यात त्यांना काहीही दिसत नसे. पण पुढच्या माणसाने असं करायचं असतं, याची त्यांना मनोमन खात्री होती. शेवटी एकदा त्यांचं कपाळ कशावर तरी थाडकन आपटलं. ती विश्रामघराची भिंत होती. तपासनीसांनी हात वर करून पथक थांबवलं.

"पोचलो," त्यांनी जाहीर केलं.

आत शेकोटी होती. विश्रामघराच्या रखवालदाराने सुपाचं पातेलं चुलीवरून उतरवलं आणि विचारलं, "असल्या हवेत सुखरूप आलात. पुढे कोण होतं?"

तिघांनी तपासनीसांकडे बोट दाखवलं. खोटं कुणीच बोललं नव्हतं. रखवालदाराने पहिला वाडगा तपासनीसांना दिला. साहेबांच्या आधी. वाडगा हातात घेताना तपासनीसांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी वाफेवर ढकललं. कपाळावर टेंगूळ आलं होतं आणि ते त्यांना पदकासारखं वाटत होतं.

"कसे काय वाटले आमचे तपासनीस?" साहेबांनी बाईंना विचारलं.

बाईंनी सूप फुंकलं. "चांगले आहेत. असं एक खेचर होतं माझ्याकडे. जन्मात कधी पाय घसरला नाही त्याचा."

तोवर टोप्या काढलेल्या होत्या. तपासनीस गहिवरले. बाई सहजासहजी कुणाची स्तुती करणाऱ्या नव्हत्या.

कारखान्यात परतल्यावर निकाल लागायला थोडे दिवस होते. तेवढे दिवस तपासनीसांनी गप्प बसायला हवं होतं. पण पहिला वाडगा प्यालेला माणूस गप्प कसा बसेल? ते उपाहारगृहात रोज डोंगर उतरू लागले. पहिल्या दिवशी जोराचा वारा होता. दुसऱ्या दिवशी त्या वाऱ्याने माणूस उडाला असता. त्याच्या दुसऱ्या दिवशी उडाला, आणि तपासनीसांनी त्याला हवेत पकडला. मेहुणा ज्या खड्ड्यात छातीपर्यंत गेला होता, त्याचा तळ आता दिसेनासा झाला होता.

"आणि आपले साहेब?" जोडणी विभागाच्या माणसाने विचारलं. "ते कुठे होते?"

"साहेब माझ्या मागे." तपासनीसांनी चहाचा घोट घेतला. "कुणाला सांगू नका, पण फार घाबरले होते बिचारे. सारखा माझा दोर ओढायचे. मी म्हटलं, ओढू दे. माणूस आहे. त्यांना बरं वाटावं म्हणून ओढतील तिकडे जरा सरकायचो."

ऐकणाऱ्यांची तोंडं हलायची थांबली. सगळे तपासनीसांच्या खांद्यावरून मागे बघू लागले. तपासनीसांना वाटलं, गोष्ट रंगली.

"एकदा तर वाटलं, आता रडतात," ते म्हणाले.

"तपासनीस," मागून साहेबांचा आवाज आला, "जरा आत येता का?"

उपाहारगृहापासून साहेबांच्या खोलीपर्यंतची वाट सपाट आहे. फरशी, एक दरवाजा, दुसरी फरशी. ती तपासनीसांना डोंगराहून कठीण गेली. खुर्ची गेली, हे नक्की. आता मेहुण्याला आयुष्यभर 'साहेब' म्हणायचं. घरी काय सांगायचं? आत पाहतात तर मेहुणा आधीच येऊन बसलेला.

साहेबांनी दार लावून घेतलं. "मी घाबरून दोर ओढत होतो असं वाटलं तुम्हाला?"

"साहेब, तसं नाही, म्हणजे, हवाच अशी होती..."

"आणि मी ओढला की तुम्ही वळत होता."

"हो साहेब. चुकलं असलं तर..."

"का ओढतोय, असं एकदाही विचारावंसं वाटलं नाही?"

"नाही साहेब." तपासनीस गोंधळले. असं कुणी विचारतं? "तुम्ही ओढताय म्हटल्यावर काहीतरी कारण असणारच."

"साहेब, पण भावोजींना माहीतच नाही की तो दोर..." मेहुणा म्हणाला.

"तुम्ही थांबा." साहेबांनी त्याच्याकडे न पाहता हात वर केला. "तपासनीस, शेवटचं विचारतो. हे सगळं असूनही तुम्हाला असं वाटतं, की आम्हाला खाली तुम्ही आणलंत?"

इथं तपासनीस क्षणभर थांबले. 'नाही, तुम्हीच आणलंत' असं म्हटलं, तर अजूनही काही वाचण्यासारखं होतं. त्यांनी मान हलवूनही पाहिली. पण ती समोर पाठ नसलेली वाट त्यांना आठवली, आणि मान आपोआप ताठ झाली.

"वाटत नाही, साहेब," ते म्हणाले. "आणलंच."

साहेब त्यांच्याकडे बघत राहिले. जन्मभर काटे बनवून अखेर एक असा हाती लागावा, जो ठेवणाऱ्याला हवं तेच वजन दाखवतो आणि वर स्वतःच्या अचूकपणाची शपथही घेतो, अशी ती नजर होती.

"अभिनंदन," साहेब म्हणाले. "उपव्यवस्थापक झालात तुम्ही."

"साहेब, आणि मी?" मेहुणा उठून उभा राहिला. "मी तर शिखरापर्यंत गेलो असतो."

"गेला असता याबद्दल मला शंका नाही. आम्हीही त्याच दोराला बांधलेले होतो, एवढीच काळजी." साहेबांनी त्याला पुन्हा बसवलं. "हे बघा, पुढे चालायला मला असाच माणूस लागतो. मी स्वतः याच गुणावर..."

एवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. साहेबांनी तो उचलला आणि ते खुर्चीतून उठून उभे राहिले. "हो साहेब. हो साहेब. अगदी बरोबर. नाही नाही, मी स्वतःच तसं ठरवत होतो."

तपासनीस घरी निघाले ते रस्त्याच्या मधून. दाराची घंटाही त्यांनी नेहमीपेक्षा लांब वाजवली. बायकोने दार उघडलं.

"ओळख, कोण आलंय?"

"उपव्यवस्थापक. कळलं मला, माझ्या भावाचा फोन आला होता." ती मनापासून हसली. "छान झालं हो. खरंच छान झालं. बसा, पाणी आणते."

तपासनीस बसले आणि त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. वारा, खड्डा, पहिला वाडगा, साहेबांची नजर. बायको खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत होती.

"आई म्हणत होती, तो दुपारपासून खोलीतून बाहेर आलेला नाही," ती म्हणाली. "जेवलाही नाही."

"हार पचवायला शिकलं पाहिजे त्याने."

"तेच ना. पण हे त्याला सांगणार कोण? आईचं तो ऐकत नाही. त्याला सांगायला तसंच तोलामोलाचं माणूस हवं." तिने पाण्याचा पेला उचलून ठेवला. "जाऊ दे. तुम्ही आज दमला असाल."

"दमलो? मी?"

"नाही, दिवसभर एवढं झालं, म्हणून म्हटलं."

तपासनीसांनी डोळे बारीक करून समोरच्या भिंतीकडे पाहिलं. आत कुठंतरी काहीतरी वळलं. ते उठून उभे राहिले.

"मी काय ठरवलंय सांगू? आपण आत्ताच तुझ्या भावाकडे जायचं. मी बोलतो त्याच्याशी. पुढे असलेल्या माणसाने मागे राहिलेल्याकडे बघायचं असतं."

"आत्ता? माझ्या तर मनातही नव्हतं." बायको क्षणभर घुटमळली. "बरं, तुम्ही म्हणाल तसं."

"चल," म्हणून तपासनीस पुढे झाले. जिना उतरता उतरता ते तिला समजावत होते, की निर्णय असा झटक्यात घेता आला पाहिजे, तो गुण सगळ्यांच्या अंगात नसतो. बायको वरून "हो ना" म्हणाली, भावासाठी भरून ठेवलेला डबा तिने पिशवीत घातला आणि दाराला कुलूप लावलं. चपला तिने ते घरात शिरायच्या आधीपासूनच घातलेल्या होत्या.